पाच कान्यांचा एकच टवका

'आखाडा बाळापूर' हे नाव पाटीवर लिहायचं म्हणजे उभ्या रेघांचं काम. आ, खा, डा, बा, ळा असे लागोपाठ पाच काने. त्यांत अ, ख, ब आणि प यांचे स्वतःचे दांडे मिळवले की एका शिरोरेघेखाली नऊ दांडे उभे राहतात, निसवलेल्या ज्वारीच्या ताटांसारखे, आणि सगळ्यांच्या शेवटी बिनदांड्याचा र, राखणीला बसल्यागत. नाव आखूड करायची सोय नाही. नुसतं 'बाळापूर' लिहावं तर अकोला जिल्ह्यातलं किल्ल्याचं बाळापूर मध्ये येतं आणि पत्र, पार्सल, पाहुणा यांपैकी काहीतरी तिकडे जातं. म्हणून आखाडा हवाच. आणि नांदेड-हिंगोली रस्त्यावरून जाणाऱ्याला एसटीच्या खिडकीतून ते एका नजरेत वाचता आलं पाहिजे, नाहीतर त्याला नुसतेच दांडे दिसतात आणि तो वारंगा फाट्यापर्यंत विचार करत बसतो, की मघाशी गेलं ते गाव कुठलं.

या नऊ दांड्यांचा अभ्यास केला होता तो इथल्या पेंटर लोकांनी. पत्र्याला रंगाचा हात मारायचा, तो वाळला की नीळ लावलेलं सूत दोन टोकांना ताणून मधोमध चिमटीत उचलायचं आणि सोडायचं. टप्प असा आवाज होऊन पाटीभर सरळ रेघ उमटायची. वरची रेघ शिरोरेघेची, खालची अक्षरांच्या पायाची. मग खडूनं अंदाज, मग चपटा ब्रश, आणि दुसऱ्या दिवशी शेड. लहानपणी मी या शेडवर जीव टाकून बसायचो. सपाट पत्र्यावरचं अक्षर शेड पडताच पत्रा सोडून बोटभर पुढे यायचं. एवढी जादू गावात दुसरं कुणी करत नव्हतं. खचा दांडा आणि त्याचा काना यांच्यामधल्या फटीत शेड जास्त झाली तर दोन्ही दांडे एकजीव होतात, म्हणून तिथे पेंटर ती बारीक करायचा, श्वास रोखायचा, आणि ळापाशी पोचला, की दोन गोल पोटांभोवती हात सैल सोडायचा. शेड नेहमी उजवीकडे आणि खाली. म्हणजे सूर्य डावीकडे वर. दुकानाचं तोंड पूर्वेला असो की पश्चिमेला, आभाळ भरून आलेलं असो की अमावस्या, पाटीवर तोच तिरपा उजेड. किराणा, कापड, बी-बियाणं, सायकल दुरुस्ती, सगळ्या पाट्यांवर मिळून एकच दुपार होती, चारच्या सुमाराची, आणि ती वर्षानुवर्षं मावळत नव्हती.

आता त्याच रस्त्याला लागून चहाचं एक नवं दुकान झालं आहे. आत कंदील आहे, कंदिलात बल्ब आहे. भिंतीचा गिलावा एका कोपऱ्यात मुद्दाम पाडून आतल्या विटा दाखवल्या आहेत. आमच्याकडे एरवी गिलावा पडला की माणूस गवंड्याला फोन करतो. पाटी फ्लेक्सचीच, पण तिच्यावर लाकडी फळी छापलेली, फळीला छापील भेगा, चारी कोपऱ्यांत छापील गंजके खिळे. अक्षरं नक्षीची. वेलांट्यांची टोकं वळत वळत जाऊन द्राक्षवेलीच्या ताण्यासारखी स्वतःभोवती गुंडाळलेली, पूच्या उकाराला थेट मिशी. मधे दोन फुलांच्या बेचक्यात 'स्थापना २०२३', आणि खाली रंग उडालेल्या, पोपडे धरलेल्या, टवके गेलेल्या अक्षरांत आमचं गाव.

चहा यायला वेळ होता म्हणून मी टवके बघत बसलो. पहिला टवका आच्या कान्यावर, मधोमध, किंचित डावीकडे, मसुरीच्या डाळीएवढा. दुसरा खाच्या कान्यावर, तिथेच, तेवढाच. डा, बा, ळा यांचंही तेच. पाच काने, पाचांना एकाच उंचीवर, एकाच मापाची जखम. फॉन्टमध्ये काना एकदाच काढलेला असतो आणि लागेल तिथे तोच उभा केला जातो, त्यामुळे तो झिजवायचाही एकदाच असतो. खऱ्या पाटीवर काने असे एकमतानं झिजत नाहीत. पन्हाळीखाली येतो तो काना आधी जातो. ज्याच्याशेजारी तोरणाचा खिळा दर दसऱ्याला ठोकला जातो त्याचा रंग फुटतो. शटर ओढायची आकडी एखाद्यालाच रोज लागते. आणि शिरोरेघेवर पारवे बसतात त्याचं जे व्हायचं ते होतंच. जुनी पाटी वाचता येते ती दोनदा: एकदा दुकानाचं नाव म्हणून आणि एकदा त्या भिंतीवर पडलेल्या पावसाची वही म्हणून.

दुकानाचा मालक पंचविशीतला, गोड पोरगा. "काका, व्हिंटेज लुक कसा वाटायलाय?" त्यानं विचारलं. मी काही म्हणायच्या आत बाजूच्या बाकावरून गावातले एक म्हातारे पेंटर बोलले. पूर्वी अर्धा बाजार त्यांच्या हातचा होता. आता ते शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहितात आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मालकाच्या पोरांची नावं.

"जुनं कायला करून आणलास बाबा? नवं लाव की. जुनं आपोआप होतंय."

"मामा, तेवढा टाइम कुणाला हाय?"

दोघंही हसले, मीही हसलो, पण पोराचं उत्तर अगदीच टाकाऊ नव्हतं. दुकानाला आजोबा लागतात. नांदेडला, परभणीला, छत्रपती संभाजीनगरला ज्या पेढ्यांपुढे रांग लागते त्यांच्या भिंतीवर हार घातलेला एक फोटो असतो. याचे आजोबा शेती करत होते, त्यांनी कधी चहा विकला नाही. मग त्यानं अक्षरांनाच आजोबा करून भिंतीवर टांगलं. कुणाचं काय बिघडलं?

गंमत पुढेच आहे. ज्यांना आपण आजोबा म्हणून मान देतो ती नक्षीदार अक्षरं जन्मली तेव्हा पक्की उनाड पोरं होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इंग्लंडमध्ये अक्षर म्हणजे पुस्तकातलं, सोज्वळ, मापात राहणारं. मग लॉटरीवाले आले, रामबाण औषधं विकणारे आले, नाटकवाले आले, आणि त्यांना भिंतीवरून ओरडायचं होतं. १८१५ च्या सुमारास लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्सनं ठोकळ्यासारख्या पायांची दणकट अक्षरं आणि शेड दिलेली अक्षरं विकायला काढली. १८२५ मध्ये हॅन्सार्ड नावाच्या मुद्रकानं मुद्रणकलेवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि त्यात या फुगीर अक्षरांवर यथेच्छ तोंडसुख घेतलं. त्याचं ऐकलं कुणी नाही. दोनच वर्षांनी न्यू यॉर्कच्या डॅरियस वेल्सनं लाकडाची मोठी अक्षरं यंत्रानं कोरायची युक्ती काढली, आणि शिशापेक्षा हलकी, स्वस्त, हात-हात उंचीची अक्षरं सर्कशीच्या जाहिरातींवर उड्या मारू लागली. त्यांच्या अंगावरची वेलबुट्टी, पोटातल्या रेघा, दुहेरी शेड, हे सगळं त्या दिवसाचं ताजं ताजं होतं. आपण कधीकाळी जुने दिसू अशी शंकाही त्या अक्षरांना शिवली नसावी. ती नवी दिसण्यासाठीच एवढी धडपडत होती. आमच्या पेंटरची शेडही त्याचसाठी होती. पाटीला तकाकी यावी, कालचीच वाटावी. आज फॉन्ट करणारे तकाकी काढून टाकतात आणि धूळ घालतात.

मराठीला हा उनाडपणा जरा उशिरा आणि हातानं करावा लागला. १८६९ मध्ये जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्याचे खिळे इतके रेखीव, की पंचांगापासून संस्कृत ग्रंथांपर्यंत सगळं त्यांत देखणं दिसायचं. पण ती वाचायची अक्षरं. मिरवायच्या अक्षरांचे खिळे पाडायचे तर इंग्रजीसारखं सव्वीसांवर भागत नाही. काने, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून कित्येक खिळे लागतात, आणि प्रत्येकाला वेलबुट्टी कोण काढणार? म्हणून गावोगावचे प्रेसवाले एक सोपी वाट धरत. 'श्री गणेश प्रसन्न', 'शुभविवाह', 'आग्रहाचे निमंत्रण' असे ठरलेले शब्द एखाद्या चित्रकाराकडून काढून घ्यायचे आणि त्यांचा अख्खा ब्लॉक करून ठेवायचा. बाकी मजकूर जुळारी खिळ्यांनी जुळवायचा.

आमच्या घरी लग्नपत्रिका टाकून द्यायची पद्धत नव्हती. कोपऱ्यांना हळद-कुंकू लागलेलं कार्ड टाकायचं कसं, म्हणून आई ती सगळी एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायची. त्यांवरच्या सोनेरी अक्षरांची पूड बोटांना लागायची आणि मग दिवसभर जिथे हात लावू तिथे लग्न लागल्यासारखं वाटायचं. मोठेपणी ती पत्रिकांची चळत मी पुन्हा चाळली तेव्हा ध्यानात आलं, की आत्याचं, दोन्ही मामांचं आणि शेजारच्या गावातल्या बऱ्याच जणांचं 'शुभविवाह' एकाच ब्लॉकमधून निघालं होतं. विच्या वेलांटीला वरच्या बाजूला एक टवका होता. प्रत्येक पत्रिकेवर तोच टवका, तिथेच. फक्त आत्याच्या वेळी तो बारीक होता आणि धाकट्या मामाच्या वेळेपर्यंत चांगलाच वाढला होता. त्या ब्लॉकनं पंचक्रोशीतली इतकी लग्नं लावली, की वेलांटी झिजली. तेव्हा एकच टवका सगळीकडे दिसणं ही काही फॉन्टचीच मक्तेदारी नव्हे, हेही कबूल करायला हवं. एवढंच, की प्रेसच्या ब्लॉकचा टवका वयात येत गेला.

आणि मुळात बाळापुरात जुनं म्हणजे किती जुनं? चहावाल्याच्या पाटीवरची अक्षरं बघून कुणालाही वाटावं, की हे १९३० सालचं काहीतरी आहे. पण १९३० साली इथे निजामाचं राज्य होतं आणि कचेरीची भाषा उर्दू होती. सावकाराच्या चोपड्या मोडीत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत या मुलुखात सरकार दरबारी चालायची ती डावीकडे सरकणारी लिपी. म्हणजे पोराला अस्सल व्हिंटेज करायचं असेल तर त्यानं नस्तालिक लिहिणारा एखादा कातिब शोधायला हवा, आणि ती पाटी मग गावात मोजक्या वयस्कर लोकांनाच वाचता येईल. ज्या २०२३ साली त्याचं दुकान निघालं त्याच साली मराठवाडाभर कुणबी नोंदी शोधायचं काम जोरात होतं, आणि निजामकाळचे कागद बाहेर आल्यावर उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. आजोबा सापडले होते, पण त्यांचं अक्षर लागत नव्हतं.

आमच्याकडे पाटीचं वय ओळखायची खूण निराळी आहे. १ मे १९९९ ला परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. तोवर प्रत्येक पाटीच्या तळाशी 'ता. कळमनुरी, जि. परभणी' असं असायचं. त्या वर्षी पेंटर लोकांची चंगळ झाली. अख्खी पाटी कोण बदलणार? नुसत्या 'परभणी'वर रंगाचा हात मारून वर 'हिंगोली' लिहून घ्यायचं. परभणी चार अक्षरी, हिंगोली तीन अक्षरी, त्यामुळे हिंगोली ऐसपैस बसली. एका बंद पडलेल्या दुकानावर तसला एक पत्रा अजून आहे. वरचा रंग पंचवीसेक वर्षांत विरत गेला आणि आता हिंगोलीच्या हिंमधून परभणीचा प डोकावतो. दुपारच्या उन्हात तर दोन्ही जिल्हे सारखेच ठळक दिसतात, आणि त्या दुकानाला हिंगोलीला जावं की परभणीला, असा प्रश्न पडलेला वाटतो. असा परिणाम साधणारा फॉन्ट अजून निघालेला नाही. निघाला तरी त्याला आधी एक जिल्हा फोडावा लागेल.

पेंटर हा शब्द आपण नावाला जोडतो तेव्हा तो धंदा राहत नाही, जवळपास आडनाव होतो. कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींना महाराष्ट्रानं कायमचं बाबूराव पेंटर करून टाकलं. नाटकांचे पडदे रंगवणारा हा माणूस पुढे सिनेमे काढू लागला, त्यांची पोस्टरंही स्वतः रंगवू लागला, कलामहर्षी झाला, पण पेंटर काही सुटलं नाही. आमच्या भागात आजही लग्नाच्या याद्यांत 'पेंटर' लिहिलेलं असतं आणि पत्रिका बरोबर त्याच घरी जाते. मोठ्या शहरात याच हाताला वेगळा मान मिळाला. कमल शेडगे यांनी कित्येक वर्षं वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी नावं काढली. तालुक्याच्या गावी जे नाटक कधी येणारच नव्हतं त्याचं नाव आम्ही वाचनालयातल्या पेपरात बघायचो आणि नाटक बघितल्यागत घरी यायचो. भीती, थट्टा, इतिहास, संसार, जे काय असेल ते त्या अक्षरांच्या उभं राहण्यातच कळायचं. २०२० मध्ये ते गेले. त्यांचं प्रत्येक नाव त्या एका नाटकापुरतं होतं; तीच अक्षरं उचलून दुसऱ्या नाटकाला लावली असती तर पहिलं नाटक रागावलं असतं.

फॉन्टचं तसं नसतं. तो कुणाच्याही घरी जेवायला बसतो. फ्लेक्सच्या दुकानात मी उभं राहून पाहिलं आहे: जी नक्षी चहाच्या दुकानाला लागते, तीच संध्याकाळी भावी सरपंचांच्या वाढदिवसाला आणि दुसऱ्या दिवशी दशक्रियेला. "भाऊ, एखादा भारी फॉन्ट टाका" एवढीच गिऱ्हाइकाची मागणी. संगणकावर बसलेला मुलगा यादी खाली सरकवत जातो, एकेका फॉन्टात गावाचं नाव चमकून जातं, आणि शेवटी चार ओळींना चार फॉन्ट लागतात. प्रत्येकाची शेड वेगळ्या दिशेला, म्हणजे एका फ्लेक्सवर निदान तीन सूर्य. त्यात यातले बरेच फॉन्ट हिंदीच्या अंदाजानं काढलेले. २००९ च्या शासन निर्णयानं मराठीचा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगून ठेवला आहे, पण नक्षीच्या धांदलीत ल आपल्या पाकळ्या कुठेतरी टाकून दांड्याला टेकून उभा राहतो. आमच्या पेंटरनं कुठलाच शासन निर्णय वाचलेला नाही. त्यांचा ल अजून दोन पाकळ्यांचा आहे. संगणकातलं साधं, बिननक्षीचं मराठी अक्षर र. कृ. जोशी यांनी दिलं, मंगल नावाचं. तहसीलच्या नोटिसा त्यातच येतात, आणि तिथे नक्षी नाही हे एका अर्थी बरंच आहे.

फॉन्टवाल्यांना सरसकट नावं ठेवायची मात्र माझी इच्छा नाही. कॅथरिन ली श्मिट नावाच्या डिझायनरनं मुंबईच्या लोकलमधली हातानं रंगवलेली अक्षरं निरखून 'यात्रा वन' नावाचा फॉन्ट केला, आणि तो कुणालाही फुकट वापरता येतो. लाखो माणसं रोज त्या अक्षरांसमोर उभी राहून त्यांच्याकडे न बघता प्रवास करत होती. कुणीतरी गाडी पकडायची सोडून अक्षर पकडलं. दिल्लीत हनिफ कुरेशी यांनी रस्त्यावरच्या पेंटर लोकांकडून अख्खी वर्णमाला रंगवून घेतली, तिचे फॉन्ट केले आणि त्या फॉन्टना त्या त्या पेंटरची नावं दिली. २०२४ मध्ये कुरेशी गेले, पण संगणकाच्या यादीत आता परदेशी घराण्यांच्या शेजारी 'पेंटर कफील' असं नाव दिसतं. हे मला फार आवडतं. फॉन्ट जुना दिसतो म्हणून त्याला आजोबा म्हणण्यापेक्षा, तो कुणाचा आहे हे सांगणारं नाव त्याला असणं जास्त घरंदाजपणाचं.

कारण आमच्याकडच्या पाट्यांवर ते नाव असायचं. उजव्या कोपऱ्यात, तळाशी, अगदी बारीक अक्षरांत, शेडबिड काही न देता: अमुक पेंटर, बाळापूर. सगळा थाट दुकानदाराच्या नावाचा आणि स्वतःचं नाव लाजल्यासारखं. ती सही बघून शेजारच्या गावचं गिऱ्हाईक पत्ता काढत यायचं. फ्लेक्सच्या कोपऱ्यात आता छापणाऱ्या दुकानाचा मोबाइल नंबर असतो; अक्षर कुणाचं, ते छापणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

चहावाल्या पोरानं मध्यंतरी त्या म्हाताऱ्या पेंटरकडून आतल्या भिंतीवर भावफलक रंगवून घेतला. साधा चहा, स्पेशल चहा, कॉफी. अक्षरं ठसठशीत आहेत, शेड उजवीकडे खाली आहे, आणि एकही टवका नाही. भाव मात्र खडूनं लिहायचं ठरलं, कारण ते टिकत नाहीत. फलक छान झाला आहे, पण पेंटरनं सही केलेली नाही, कारण तशी जागाच सोडली नव्हती. तुमच्या गावात अजून कुणी ब्रश धरणारा असेल आणि तुम्ही त्याच्याकडून पाटी करून घेणार असाल, तर अक्षर कसं काढायचं ते त्याला सांगू नका. फक्त उजव्या कोपऱ्यात खाली चार बोटं जागा सोडा आणि सही करा म्हणून सांगा.